ओला कोपरा

गोंदियाच्या बाजारात छोटेलालचं किराण्याचं दुकान होतं. माणूस नेकीचा, तोंडानं गोड, पण त्याच्याइतकी किळस बाळगणारा दुसरा इसम साऱ्या बाजारात सापडला नसता. कुणाच्या उष्ट्या भांड्याला तो हात लावत नसे. गिऱ्हाईक खोकलं की तोंड फिरवी. बायकोनं चमच्यानं चाखलेली भाजी असली, की जेवणावरून उठे. आणि हाच माणूस दिवसभर गादीवर बसून बोट जिभेला लावी, कागद सोडवी, पुडी बांधी. की पुन्हा बोट जिभेला. त्याचं त्याला काही वाटत नसे. आपली थुंकी आपल्याला कुठे घाण वाटते?

लढाईचे दिवस होते. कागद मिळेनासा झाला होता. वर्तमानपत्रं रोडावली, रद्दीवाला फिरकेना. पळसाच्या पानात मीठ बांधून द्यायची पाळी आली, तेव्हा गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. अशात कुणीतरी खबर आणली, की खाली अर्जुनीच्या पुढं, केशोरीच्या वाटेवरच्या एका खेड्यात उदाराम मास्तर म्हणून मोठा पुस्तकवेडा होता, तो वारला. आणि त्याच्या बायकोला घरातली सगळी पुस्तकं बाहेर काढायची आहेत. छोटेलालनं दुकान बायकोवर, सुमित्रावर सोपवलं आणि सकाळच्या छोट्या लाईनच्या आगगाडीत जाऊन बसला.

अर्जुनीला उतरून त्यानं बकाराम नावाच्या गाडीवानाची बैलगाडी ठरवली. धान कापून झालं होतं. शेताच्या रिकाम्या बांध्यांत खुंटं उभी होती आणि उन्हाला वाळल्या तणसाचा गोड वास येत होता. बकाराम वाटभर बडबडत होता, पण मास्तरचं घर दिसलं तसा गप्प झाला. आंगणाच्या बाहेरच त्यानं बैल थांबवले.

"चला ना आत. पुस्तकं उचलायला हात लागेल," छोटेलाल म्हणाला.

"तुमी बाहेर आणून द्या जी. मी गाडीत रचतो."

"काऊन?"

"वास येते," बकाराम म्हणाला, आणि बैलाच्या मानेवरची गोचीड काढण्यात गुंतला.

घर मातीचंच, वर कवेलू, पण झाडून सारवून नेटकं होतं. ओसरीत एक बाई बसली होती. ती मास्तरची विधवा, धुरपताबाई. जवळ पाण्यानं भरलेला गडवा. दोन शब्द बोलली की गडवा उचलायची, घोट घ्यायची, मग पुढचे दोन शब्द. ओठ जुन्या चपलेच्या टाचेसारखे भेगाळलेले होते. जीभ टाळूला चिकटायची आणि सुटताना चट्‌ असा आवाज व्हायचा. त्या आवाजासरशी छोटेलालनं मान वळवली. तो तिच्या तोंडाकडं न बघता बोलू लागला.

"बाई, पुस्तकं बघायची होती."

"पाहायची कायले? घेऊन जा," ती म्हणाली. घोट घेतला. "सारीच घेऊन जा. एकबी मांगं ठेवू नका."

आतली खोली लांबट होती. चारी भिंतींना छतापर्यंत फळ्या ठोकलेल्या, आणि फळ्यांवर पुस्तकंच पुस्तकं. क्रमिक पुस्तकं, पोथ्या, जुनी पंचांगं, कुण्या साहेबाच्या बंगल्यातून आलेली चामड्याच्या पाठीची इंग्रजी बाडं. मधोमध सागाची उंच शिडी. बकाराम म्हणाला तो वास आता छोटेलालला आला. जुन्या कागदाचा वास त्याच्या ओळखीचा होता. कसर लागलेल्या, उंदरांनी मुतलेल्या रद्दीचा वासही. हा तसला नव्हता. हा तोंडाचा वास होता. सकाळी उठल्यावर, चूळ भरायच्या आधी तोंडाला जो आंबट वास येतो, तो. जणू खोलीच तोंड उघडून झोपली होती.

त्यानं उपरणं नाकाला लावलं आणि एक पुस्तक उघडलं. प्रत्येक पानाचा खालचा कोपरा काळपट, चकचकीत आणि कडक झाला होता, लहान पोरांच्या सदऱ्याची बाही शेंबडानं होते तसा. त्यानं पुस्तक लगेच मिटलं आणि बोटं धोतराला पुसली.

शिडीच्या वर भिंतीवर एक रंगीत तसबीर टांगलेली होती. ती पाहून मात्र त्याला हसू आलं. परदेशी चित्र होतं. असाच एक पुस्तकांचा ढीग, अशीच शिडी, आणि शिडीच्या टोकावर एक पांढऱ्या केसांचा म्हातारा. एका हातातलं पुस्तक नाकाला लावलेलं, दुसऱ्या हातात दुसरं उघडं, एक काखेत, एक गुडघ्यांच्या मधे दाबलेलं. कोटाच्या मागून रुमाल लोंबतो आहे त्याचीही शुद्ध नाही.

"हे कोण?" त्यानं विचारलं.

धुरपताबाई दारात येऊन उभी होती. उंबऱ्याच्या आत ती आली नाही. "एक जर्मन पादरी होता. पयल्या लढाईत सरकारनं त्याले धरून नेलं. जाताना मास्तरले देऊन गेला. म्हणे, हा तूच आहेस. सारं गाव पाहायले आलं, सारे हासले. मास्तरबी हासला. मंग सुताराकडून तशीच शिडी करून घेतली."

"मजेचं चित्र आहे," छोटेलाल म्हणाला. "पण बाई, दोन्ही हात भरलेले, काख भरलेली, गुडघे भरलेले. मग हा बुढा पान कशानं उलटवत असेल?"

धुरपताबाईनं गडवा तोंडाला लावला. पाणी हनुवटीवरून वाहिलं तरी ती पीत राहिली.

"मास्तर म्हणे," ती हळूच बोलली, "चित्रात दिसत नाई, पर शिडीच्या खाली त्याची बायको उभी आहे."

छोटेलाल हसला. ती हसली नाही.

दुपारभर तो पुस्तकं बाहेर नेत राहिला आणि बकाराम नाक मुरडत गाडीत रचत राहिला. बाईनं भाव ठरवला नाही, वजन करू दिलं नाही. तसबीरही त्याच्या हातात दिली. गाडी निघताना मात्र ती आंगणापर्यंत आली.

"शेठ, घरी कोण कोण आहे तुमच्या?"

"बायको आहे. आणि एक पोरगी. चमेली. चार वर्षांची."

बाईनं तोंड उघडलं. जीभ चट्‌ वाजली. काहीतरी सांगायचं होतं तिला, पण तिनं गडव्याकडं पाहिलं, मग बैलगाडीकडं पाहिलं, आणि तोंड मिटलं.

"न्या," ती म्हणाली. "लवकर न्या."

दुकानाच्या मागं छोटेलालचं गोदाम होतं. जाड भिंतींचं, थंड. तिथं गुळाच्या भेल्या आणि मिठाची पोती असत. पलीकडच्या भिंतीला त्यानं पुस्तकांची थप्पी लावली. तसबीर गादीच्या वर टांगली. गिऱ्हाइकं बघून हसायची. एक जाडसं पुस्तक फाडून त्यानं पुड्यांसाठी गठ्ठा केला आणि कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी त्याला पहिल्यांदा ते जाणवलं. बोट जिभेला लावून त्यानं कागद सोडवायला हात नेला, तर कोपरा आधीच ओला होता. त्याला वाटलं, आपलीच थुंकी. खालचा कागद घेतला. तोही ओला. त्याच्या खालचाही. आणि नुसता ओला नव्हता, कोमट होता. त्यानं बोट नाकाजवळ नेलं. तोच आंबट वास.

तेच बोट त्यानं आताच जिभेला लावलं होतं.

दुकानामागच्या नालीवर बसून तो पोटातलं पाणी निघेपर्यंत ओकला. तरी जिभेवरून कुण्या दुसऱ्याच्या तोंडाची चव जाईना. राख लावून जीभ घासली, लिंबू चोखलं. संध्याकाळी दोन बाया मिठाच्या पुड्या परत घेऊन आल्या.

"का जी छोटेलाल, मिठात थुकले का तुमी? कोपऱ्यानं सारं वल्लं झालं."

त्यानं हात जोडले, मीठ बदलून दिलं. फाडलेलं ते पुस्तक तेवढं संपलं, आणि त्यानं पुन्हा पळसाची पानं धरली. बाकीची थप्पी तशीच गोदामात पडून राहिली.

दुपारी बाजार निवतो. दुकानाची एक फळी लावून छोटेलाल गादीवरच आडवा होई. सुमित्रा आत भांडी आवरी, आणि चमेली गोदामात पोत्यांच्या मधे जाऊन झोपे. तिथं थंड वाटे तिला. त्या शांततेत छोटेलालला गोदामातून आवाज येऊ लागला. खर्रर्र. मग बराच वेळ काही नाही. एक पान सावकाश वाचायला जेवढा वेळ लागावा तेवढा. मग पुन्हा, खर्रर्र.

उंदीर असतील, म्हणून त्यानं पिंजरा लावला. पिंजऱ्यात काही सापडलं नाही. थप्पीच्या सगळ्यात वरचं पुस्तक मात्र रोज वेगळ्या पानावर उघडं असायचं.

आणि चमेली वाळू लागली.

पोरगी आधी सारखी घागरीशी जाऊन पाणी पिऊ लागली. मग भात गिळेना, घास तोंडात तसाच फिरवी आणि कोरडा काढून टाकी. ओठ फुटले. रडताना डोळ्यांतून पाणी यायचं, पण तोंडातून आवाज यायचा तो वाळल्या पानावर पाय पडल्यासारखा. सुमित्रानं जीभ बघितली तर जिभेवर बारीक बारीक ओरखडे.

"तोंड आलं आहे," वैद्य म्हणाले. "उष्णता. दुपारी झोपायच्या आधी जिभेला मध लावत जा."

सुमित्रानं मध लावला. चमेली झोपली. उठली तेव्हा जीभ पुन्हा कोरडी ठणठणीत, मधाचा मागमूस नाही.

"चमेली, गिळलास का मध?" तिनं लाडानं विचारलं.

चमेलीनं मान हलवली. "बुढा पुसून नेते."

"कोण बुढा?"

"बोटवाला. त्याचं बोट कागदासारखं लागते."

सुमित्रानं नवऱ्याकडं पाहिलं. छोटेलाल उठला आणि गोदामात गेला. थप्पीवरचं पुस्तक उघडं होतं. त्याच्या खालच्या कोपऱ्याशी मुंग्या लागल्या होत्या. काळ्या मुंग्यांची ओळ जमिनीवरून, पोत्यावरून चढून नेमकी त्या कोपऱ्याशी आली होती. त्यानं मागचं पान उलटलं. तिथंही मुंग्या, दाबून चपट्या झालेल्या. त्याच्या मागच्या पानालाही. कोपऱ्याला बोट लावायचा त्याला धीर झाला नाही. वास घेतला. मधाचा होता, आणि मधाच्या खाली तो दुसरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं फळी लावली, पण तो आडवा झाला नाही. सुमित्राला म्हणाला, "पोरीला झोपू दे तिथंच. मी बसतो जवळ." सुमित्रा नको म्हणत होती. त्यानं ऐकलं नाही. तिनंही आपलं ऐकलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्याला पुढं जन्मभर वाटलं.

गोदामाच्या वरच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप येत होती. लख्ख दिसत होतं सारं. चमेली पोत्यावर उताणी झोपली होती. थोड्या वेळानं तिचं तोंड उघडलं. झोपलेल्या लेकराचं उघडतं तसं सैल नाही. कुणी वैद्यासमोर उघडावं तसं, पुरतं. आणि जीभ बाहेर आली. खालच्या ओठावर येऊन टेकली आणि वाट बघत राहिली.

छोटेलाल पोत्याला धरून बघत राहिला.

जिभेच्या मधोमध एक खळगा पडला. मऊ लोण्यात बोट रुतावं तसा. खळग्याच्या भोवती थोडी लाळ गोळा झाली… खळगा इकडून तिकडं सरकला, जीभ पुसल्यासारखा… आणि उठला. जीभ पुन्हा सपाट झाली. कोरडी.

छोटेलालच्या पाठीमागं पान उलटलं. खर्रर्र.

त्यानं झेप घालून पोरीला उचललं आणि बाहेर पळाला. त्या दिवशी त्यानं सुमित्राला आणि चमेलीला शेजारच्या घरी झोपवलं. पण बोटाला शेजार कळत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारीण हाका मारत आली, पोरीनं झोपेत तोंड उघडलंय आणि मिटता मिटत नाही म्हणून.

छोटेलालनं मिळेल ती गाडी धरली आणि अर्जुनीला उतरून मास्तरचं घर गाठलं.

धुरपताबाई ओसरीत बसून चिंच खात होती. गडवा कुठं दिसत नव्हता. ओठ भरून आले होते, तुकतुकीत, ओले. ती चिंच चोखत होती, आणि कोपऱ्यातून लाळ ओघळली की ती मनगटानं पुसायची नाही, जिभेनं परत आत घ्यायची, हौसेनं. आपल्या लेकीच्या तोंडातलं पाणी या बाईच्या तोंडात आलंय, असं काहीतरी छोटेलालच्या मनात आलं आणि त्यानं भिंतीला हात टेकला.

"बाई, काय दिलं तुम्ही मला?"

तिनं चिंचोका हातात काढला. "बसा जी."

"बसत नाही. माझी पोरगी मरून राहिली."

"चित्र पाह्यलं न तुमी?" ती म्हणाली. "तुमीच पुसलं होतं, हा पान कायनं उलटवते. माह्यानं. माह्या तोंडानं उलटवे मास्तर." ती थांबली. "त्याले बिमारी लागली. तोंड सुकलं. बोट वल्लं होईना. मी वाटीत पाणी दिलं, तं म्हणे पाण्यानं डाग पडते, थुकानं नाई पडत. शिडीवरून बोट खाली करे. मी खाली उभी राहो. तोंड उघडो. पान झालं का बोट. पान झालं का बोट. सैपाक राहिला, सण राहिले, लेकरू पोटातल्या पोटात गेलं, मी शिडीखाली उभी. मेला तवा त्याचं ते बोट पांढरंफेक होतं, पाण्यात भिजल्यावानी. मले वाटलं, सुटली. तेरवीच्या दिशी दुपारी डोळा लागला अन् बोट आलं."

आंगणात कोंबडी माती उकरत होती. बाई तिच्याकडं बघत राहिली.

"मला सांगायचं होतं तुम्ही!"

"सांगतली असती तं तुमी नेली असती का?"

"मी जाळतो सारी."

"जाळून पाह्यली. वल्ली आहेत. पेटत नाई."

"मग फाडून फेकतो!"

धुरपताबाई उठून उभी राहिली. चिंच हातातून पडली. "फाडू नका. अजी, फाडू नका. एक पान फाडलं होतं मी, रागानं. त्या दिशी बोट नाई आलं… नख आलं."

छोटेलालच्या डोळ्यांपुढं फाडलेलं ते जाड पुस्तक आलं, आणि चमेलीच्या जिभेवरचे ओरखडे. मग त्यानं तिचे पाय धरले. जो माणूस कुणाच्या वहाणेला शिवत नसे, त्यानं तिच्या चिखलानं भरलेल्या पायांवर डोकं ठेवलं.

"परत घ्या, बाई. तिचं तोंड लहान आहे हो. तुमचा नवरा आहे तो."

तिनं पाय मागं ओढून घेतले.

"मी दिलं तेवढं दिलं," ती म्हणाली. "जिथी पुस्तकं जातीन तिथी तो जाईन. तुमीबी कोणाले देऊन टाका."

घरी येऊन त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळीच बैलगाडी मागवली. सगळी पुस्तकं पोत्यांत भरली. कुठं न्यायची ते ठरवलं नव्हतं. खरं सांगायचं तर काहीच ठरवलं नव्हतं. फक्त घराबाहेर काढायची होती. तसबीरही पोत्यात कोंबली. मुर्री गावाच्या वाटेनं गाडी हाकत असता शाळेचे घनश्याम गुरुजी भेटले. तरुण माणूस, गावात पोरांसाठी वाचनालय काढायची धडपड चालली होती त्याची. एका पोत्याचं तोंड उघडं राहिलं होतं, त्यातून चामड्याची पाठ दिसली आणि गुरुजींचे डोळे चमकले.

"शेठजी, ही पुस्तकं? पुड्यांसाठी? अरेरे! मला द्या ना. पोरं नाव काढतील तुमचं."

छोटेलालच्या छातीवरचा धोंडाच हलला. मागायला आलेला माणूस. आपण होऊन. कुणी फसवलं म्हणणार नाही. एवढं द्यायचं आणि घरी जायचं, की चमेली पाणी मागणार नाही, भात खाईल. त्यानं कासरा सोडला, खाली उतरला, पहिल्या पोत्याला हात घातला.

"गुरुजी," तो म्हणाला, "घरी कोण कोण आहे तुमच्या?"

"आई आहे. आणि शाळेतली सारी पोरं माझीच म्हणा की," गुरुजी हसून म्हणाले.

छोटेलालनं पोत्यावरचा हात काढला. आपण विचारलेला प्रश्न त्यानं स्वतःच्याच तोंडून ऐकला होता, आणि आधी तो कुठल्या आंगणात ऐकला होता तेही त्याला आठवलं. दुपार व्हायला आली होती. घरी पोरीचा डोळा लागत असेल.

"ही बिघडलेली आहेत," तो म्हणाला. "उदईनं पोखरली आहेत. तुमच्या साऱ्या शाळेला लागेल." आणि गुरुजी 'अहो, बघू तरी द्या' म्हणत असतानाच त्यानं बैलांना पराणी टोचली.

रस्ता सोडून जंगलाच्या अंगाला एक जुना तलाव होता. कुण्या मालगुजारानं बांधलेला, गाव उठून गेलेलं, पाणी प्यायला कुणी येत नसे. छोटेलालनं पोत्यांत दगड भरले, तोंडं शिवली आणि एकेक पोतं छातीशी धरून कमरेइतक्या पाण्यात नेऊन लोटलं. पोती अंगाला कोमट लागत होती. छातीशी धरलं की आतून ओलसर काहीतरी सदऱ्यात झिरपे, आणि तो वास. त्याला पाण्यातच दोनदा ओकारी झाली, पण हातातलं पोतं त्यानं सोडलं नाही. शेवटचं पोतं बुडालं, बुडबुडे आले. मग त्या जागी पाण्यावर एक जाडसर, तारा सुटणारी साय धरली, कुणी मोठ्या तोंडातून लाळ सोडल्यासारखी, आणि हळूहळू पसरत गेली. तो काठावर आला आणि अंगावरचे कपडे तिथंच टाकून, नुसता पंचा गुंडाळून घरी गेला.

सुमित्रा दारात उभी होती. पोरगी कडेवर. पोरीच्या हनुवटीवर रक्ताची बारीक रेघ सुकली होती.

"दुपारी फार ओरडली," सुमित्रा म्हणाली. "मग एकदम थांबली. तेव्हापासनं झोपून आहे. तोंड मिटून."

छोटेलालनं पोरीला घेतलं. तिनं झोपेतच डोकं त्याच्या उघड्या खांद्यावर टाकलं. तो आंगणात येरझारा घालत राहिला. दिवस कलला, शेजारच्या घरात कंदील लागला. अन् मग त्याला खांद्यावर काहीतरी ओलं लागलं. चमेलीचं तोंड झोपेत जरासं उघडलं होतं, लहान लेकरांचं उघडतं तसं, आणि तिची लाळ त्याच्या खांद्यावरून छातीवर ओघळत होती. कोमट, चिकट, दुधाच्या वासाची.

छोटेलाल रडू लागला. सुमित्रानं पदर पुढं केला पुसायला. त्यानं तिचा हात बाजूला केला.

चमेली सुधारली. जिभेवर दोन वण राहिले, तेवढेच. छोटेलालनं पुड्या बांधायची रीत बदलली. गादीपाशी पाण्याची वाटी ठेवू लागला, त्यात बोट बुडवून कागद सोडवी. लोक म्हणत, छोटेलालची किळस आणखी वाढली. पोरीचं उष्टं मात्र तो ताटातून उचलून खाई, ते कुणाला दिसलं नाही.

पुढचा उन्हाळा लागला. बाजाराच्या दिवशी बिसराम नावाचा एक ढीवर दुकानात मीठ घ्यायला आला. खांद्यावर कावड, कावडीत बांबूच्या टोपल्या, टोपल्यांत मासे. अजून तडफडत होते. छोटेलालनं सहज विचारलं, कुठले म्हणून.

बिसरामनं हातानं जंगलाकडची दिशा दाखवली. "तो जुना मालगुजारी तलाव नाई का, जी. ओसाडातला. आमी कवा जात नोहतो तिकडं. यंदा गेलो, तं मासेच मासे. जाळं टाकायची गरज नाई पडत."

छोटेलालचा मिठातला हात थांबला. "म्हणजे?"

"दुपार झाली का आपसूक काठाले येतात. रांगेनं. बोटभर पाण्यात उभे राहतात, डोस्कं बाहेर काढून, तोंड उघडं करून. हातानं उचला अन् टोपलीत टाका." बिसराम हसला, पण ते हसू ओठांवरच राहिलं. त्यानं टोपलीतला एक मासा उचलला. त्याच्या खवल्यांवरून पाणी निथळत होतं, शेपूट फडफडत होती, आणि तोंड उघडं होतं, वाट बघणारं. "विकायले आणले खरे, शेठ. पर घरी बायकोनं एकबी चुलीवर चढू दिला नाई. तुमी मोठे आदमी, तुमी सांगा. पाण्यातला मासा…"

त्यानं माशाच्या तोंडात करंगळी घातली आणि बाहेर काढून छोटेलालपुढं धरली.

"हे पाहा. कोरडं."